संरक्षण कोणाचे?

मराठी भाषेत ‘संरक्षण’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी रूढ आहे. सीमेवर शस्त्र घेऊन उभा असलेला जवान देशाचे संरक्षण करतो. आणि परदेशी मालावर बसविलेली जकात देशी धंद्याला संरक्षण देते. पहिल्या संरक्षणासाठी नागरिक वेळप्रसंगी प्राणही देतो. दुसऱ्यासाठी तो खिशातले चार पैसे अधिक मोजतो, आणि तेही कुरकुरत. म्हणूनच ज्यांना दुसरे संरक्षण हवे असते त्यांना पहिल्याचे नाव घेण्याचा मोह अनावर होतो. ‘आमचा नफा टिकावा म्हणून जकात बसवा’ असे म्हणणाऱ्या कारखानदाराकडे लोक संशयाने पाहतात. तोच कारखानदार ‘राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी जकात बसवा’ असे म्हणू लागला की शंका घेणाराच देशद्रोही ठरण्याची वेळ येते.

जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्रही या मोहातून सुटलेले नाही. २०२५ या एका वर्षात अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षिततेचा हवाला देऊन जी जकात बसविली तिची नुसती यादी वाचली तरी मन थक्क होते. पोलाद व ॲल्युमिनियम यांवर १२ मार्चपासून सरसकट २५ टक्के, आणि ४ जूनपासून बहुतेक देशांसाठी ती दुप्पट, म्हणजे ५० टक्के. मोटारींवर ३ एप्रिलपासून व मोटारींच्या सुट्या भागांवर ३ मेपासून २५ टक्के. तांब्याच्या अर्धसिद्ध मालावर १ ऑगस्टपासून ५० टक्के. एवढ्यावरच हे थांबले नाही. धुलाई यंत्रे व शीतकपाटे यांतील पोलादही जूनमध्ये या जाळ्यात आले, आणि १४ ऑक्टोबरपासून गाद्या बसविलेले कोच व स्वयंपाकघरातील कपाटे यांनाही जकात लागू झाली. स्वयंपाकघरातील कपाटामुळे अण्वस्त्रधारी राष्ट्र धोक्यात कसे येते, हे समजण्यास सामान्य बुद्धी अपुरी पडावी, यात नवल नाही.

हा परक्याच्या घरचा प्रश्न आहे असे समजून स्वस्थ बसण्याची सोय आपल्याला नाही. पुणे आणि चाकण परिसरातील मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने, कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतकामाच्या भट्ट्या, यांचा माल थेट किंवा दुसऱ्याच्या यंत्रात बसून अमेरिकेच्या बाजारपेठेत जातो. वॉशिंग्टनमध्ये एका कागदावर सही होते आणि तिचे पडसाद पंचगंगेच्या काठी उमटतात. म्हणून या सहीमागील तत्त्व काय, त्याचा इतिहास काय, आणि त्यातून आपण काय घ्यावे व काय टाळावे, याचा विचार शांतपणे करणे अगत्याचे आहे.

या साऱ्या जकातींचा आधार म्हणजे अध्यक्ष केनेडी यांच्या सहीने ११ ऑक्टोबर १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या व्यापारविस्तार कायद्याचे २३२ वे कलम. एखाद्या मालाच्या आयातीने राष्ट्रीय सुरक्षितता धोक्यात येते काय, याची चौकशी वाणिज्यमंत्र्याने २७० दिवसांत करावी. धोका आहे असे त्याचे मत पडल्यास अध्यक्षांनी ९० दिवसांत निर्णय घ्यावा, असा त्याचा सारांश. जकात किती, मुदत किती, याला कायद्यात मर्यादा नाही. ‘सुरक्षितता’ या शब्दाची व्याख्याही इतकी सैल की देशाच्या आर्थिक स्थैर्याचा समावेश तीत सहज होतो. व्यापाराचा विस्तार करण्यासाठी केलेल्या कायद्यातील एक कलम व्यापाराच्या संकोचाचे सर्वांत प्रभावी हत्यार ठरावे, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

परंतु हे हत्यार १९६२ साली प्रथमच घडविले गेले असे नव्हे. १९५५ च्या व्यापारविषयक कायद्यातच असे कलम आले होते, आणि त्याचा सर्वांत मोठा व सर्वांत बोधप्रद प्रयोग १९५९ साली झाला. तो खनिज तेलाच्या आयातीवरील नियंत्रणाचा. चौदा वर्षे चाललेला हा प्रयोग आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येतो. त्याचे हेतू, त्याच्या पळवाटा, त्याची किंमत आणि त्याचा शेवट, सारे इतिहासात नमूद आहे. म्हणून आजच्या जकातींवर तावातावाने वाद घालण्यापूर्वी तो जुना जमाखर्च उघडणे श्रेयस्कर.

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यपूर्वेतील विपुल आणि स्वस्त तेल बाजारात येऊ लागले. १९४८ पासून अमेरिका तेलाच्या बाबतीत निर्यातीपेक्षा आयात अधिक करणारा देश बनली. टेक्सासमधील विहिरींचे तेल महाग. ते महाग राहावे म्हणून तेथील नियामक मंडळ उत्पादनावर स्वतःच मर्यादा घालीत असे. अशा स्थितीत स्वस्त परदेशी तेलाचा लोंढा आला तर देशी उत्पादक बुडणार, हे उघड होते. युद्धकाळात परदेशी तेलाचा मार्ग बंद पडल्यास काय करावयाचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. सुएझचा कालवा १९५६ साली बंद पडल्याचे उदाहरण ताजे होते. १९५७ मध्ये कंपन्यांनी आपण होऊन आयात कमी करावी अशी योजना झाली. ती फसली. अखेर १० मार्च १९५९ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सक्तीचा कोटा जाहीर केला. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील प्रदेशासाठी आरंभी अपेक्षित मागणीच्या सुमारे ९ टक्के, आणि १९६२ च्या फेरबदलानंतर देशी उत्पादनाच्या १२.२ टक्के, एवढेच परदेशी तेल आत घेता येईल असे ठरले.

कोटा म्हटला की परवाना आला, आणि परवाना आला की त्याचा बाजार आला. हे शास्त्र आपल्या देशाला कोणी शिकवावयास नको. अमेरिकेत आयातीचे हक्क शुद्धीकरण कारखान्यांना फुकट वाटण्यात आले. लहान कारखान्यांना त्यांच्या आकाराच्या मानाने अधिक मिळाले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, परदेशी तेलाचा थेंबही कधी न शिवणाऱ्या कारखान्यांनाही हे हक्क मिळत. ते त्यांनी किनाऱ्यावरील मोठ्या कंपन्यांना द्यावेत आणि बदल्यात देशी तेल घ्यावे, अशी रीत पडली. देशी व परदेशी तेलाच्या भावात पिंपामागे सुमारे सव्वा डॉलरचे अंतर होते. म्हणजे सरकारी कागदाच्या प्रत्येक तुकड्यावर तेवढी रोख रक्कम जणू टाचलेली होती. सुरक्षिततेच्या नावाने उभारलेल्या या यंत्रणेत सर्वांत सुरक्षित काय होते, तर या हक्कधारकांचा नफा.

पळवाटांचा एक नमुना तर विनोदी नाटकात शोभावा असा आहे. जमिनीवरून येणारे तेल युद्धकाळात पाणबुड्यांच्या भयापासून मुक्त असते, म्हणून कॅनडा व मेक्सिको येथून खुष्कीच्या मार्गाने येणाऱ्या तेलाला कोट्यातून सूट होती. मेक्सिकोचे तेल मात्र येत असे जहाजाने. मग काय करावे? ते टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल बंदरात जकातीच्या बंधनाखाली उतरवीत, टँकर-मोटारींत भरीत, पूल ओलांडून मेक्सिकोच्या हद्दीत नेत, तेथे मोटारी वळवीत आणि पुन्हा अमेरिकेत आणीत. आता ते ‘खुष्कीने आलेले’ तेल झाले! या द्राविडी प्राणायामाने अमेरिकेची सुरक्षितता कितपत वाढली असेल, हे वाचकांनीच ठरवावे. पुढे मार्च १९७० मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी कॅनडाच्या तेलावरही मर्यादा घातली. शेजारचा, मित्र असलेला, जमिनीने जोडलेला देश. त्याच्याइतका निर्धोक पुरवठादार पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नव्हता. त्याच्यावरही निर्बंध आला, तेव्हा मूळ हेतू कोणता होता याविषयी शंकेला जागा उरली नाही.

या व्यवस्थेची किंमत कोणी दिली? ईशान्येकडील थंड प्रांतांत घरे उबदार ठेवण्यासाठी तेल जाळणाऱ्या सामान्य कुटुंबांनी, आणि मोटार चालविणाऱ्या प्रत्येक नागरिकाने. निक्सन यांनीच नेमलेल्या, जॉर्ज शुल्ट्झ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी १९७० मध्ये अहवाल दिला. १९६९ या एका वर्षात ग्राहकांवर पडलेला बोजा तिने सुमारे ५०० कोटी डॉलर धरला आणि कोटा मोडून त्याजागी जकात आणावी अशी शिफारस केली. शिफारस दप्तरात राहिली आणि कोटा चालू राहिला. ज्यांचा लाभ मोठा व एकवटलेला असतो ते दरबारी हजर असतात. ज्यांचे नुकसान थोडे थोडे व विखुरलेले असते ते आपापल्या घरी असतात. जकातीच्या राजकारणाचे हे मर्म कोणत्याही देशात बदललेले दिसत नाही.

न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखले तेव्हा अमेरिकेने आपल्या राखीव विहिरी उघडून तो वार परतविला. कोट्याच्या समर्थकांचा हा सर्वांत सबळ पुरावा. पण पुढे काय झाले? स्वस्त परदेशी तेल बाहेर ठेवून अमेरिका आपले स्वतःचे तेल आधी उपसत राहिली. १९७० साली तिचे उत्पादन त्या काळच्या शिखराला पोचले आणि उतरणीला लागले. मार्च १९७२ मध्ये टेक्सासच्या मंडळाने विहिरींवरील मर्यादा उठविली. याचा अर्थ राखीव असे काही उरलेच नव्हते. मागणी भागेना, म्हणून एप्रिल १९७३ मध्ये कोटा रद्द करावा लागला. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी पुन्हा तेल रोखले, तेव्हा अमेरिका हतबल झाली. ज्या दिवसासाठी चौदा वर्षे तटबंदी बांधली, तो दिवस उजाडला तेव्हा कोठारही रिकामे होते आणि तटही उरला नव्हता. शिवाय या भेदभावाने व्हेनेझुएला दुखावला गेला, आणि सप्टेंबर १९६० मध्ये बगदाद येथे तेलउत्पादक देशांची जी संघटना जन्मास आली तिच्या शिल्पकारांत त्याच देशाचे मंत्री पेरेझ अल्फोन्झो हे प्रमुख होते. संघटनेच्या जन्माचे तात्कालिक कारण कंपन्यांनी केलेली भावकपात हे खरे. पण त्या असंतोषात अमेरिकी कोट्याचाही वाटा होता.

या इतिहासातून अमेरिकेने काही बोध घेतला असे २०१८ साली तरी दिसले नाही. त्या वर्षी मार्चमध्ये पोलादावर २५ व ॲल्युमिनियमवर १० टक्के जकात आली, ती याच कलमाखाली. त्यापूर्वी संरक्षणमंत्री मॅटिस यांनी लेखी कळविले होते की, सैन्याची या दोन धातूंची गरज देशातील उत्पादनाच्या सुमारे तीन टक्केच आहे, आणि मित्रराष्ट्रांवर होणाऱ्या परिणामाची आपणास चिंता वाटते. ज्यांच्याकडे देशाचे खरे संरक्षण सोपविलेले, त्यांचेच हे मत! तरीही जकात आली, आणि तिचा फटका कॅनडासारख्या मित्रराष्ट्रांनाही बसला. दक्षिण कोरियाने जकात टाळण्यासाठी २०१५ ते २०१७ च्या सरासरीच्या ७० टक्के इतका कोटा पत्करला. पोलाद करणारे थोडे, पोलाद वापरणारे पुष्कळ. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी डिसेंबर २०१९ मध्ये त्या काळातील जकातींचा हिशेब मांडला, तेव्हा कच्चा माल महागल्याने व इतर देशांनी उलट जकाती बसविल्याने कारखान्यांतील रोजगार वाढण्याऐवजी घटल्याचेच त्यांना आढळले.

यावर आंतरराष्ट्रीय न्याय आहे की नाही? आहे, पण तो दुबळा आहे. १९४७ च्या गॅट कराराच्या २१ व्या कलमाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या सुरक्षिततेसाठी स्वतःला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा दिली. ‘स्वतःला वाटतील’ या दोन शब्दांतच सारी गोम आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये स्वीडनने पादत्राणांच्या आयातीवर कोटा बसविला तो याच आधारावर. युद्ध झाल्यास सैनिकांना बूट कोण देणार, असा त्यांचा युक्तिवाद. इतर राष्ट्रांना हसू आवरेना, आणि १९७७ साली कातडी व प्लास्टिकच्या जोड्यांवरील कोटा मागे घेण्यात आला. एप्रिल २०१९ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्या वादात जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने प्रथमच ठाम निर्वाळा दिला की, या कलमाचा आधार घेणारे राष्ट्र सर्वस्वी स्वतःचाच न्यायाधीश होऊ शकत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या पोलाद-जकातीही नियमबाह्य ठरल्या. अमेरिकेने अपील केले. आणि अपील ऐकणारे न्यायपीठ तर सभासदांच्या नेमणुका अमेरिकेनेच अडविल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून निकामी झालेले! न्यायालयाला कुलूप लावून न्याय मागण्याचा हा प्रकार आहे.

भारताने याला काय उत्तर दिले? २०१८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, आणि जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या बदाम, अक्रोड, सफरचंद आदी २८ वस्तूंवर वाढीव जकात बसविली. २०२३ साली तडजोड होऊन यांपैकी काही वस्तूंवरील ती उठविण्यात आली. एवढ्याने समाधान मानता येते. पण आमचा प्रश्न याहून पुढचा आहे. दुसऱ्याने हा शब्द वापरला तर आपण त्याला ढोंग म्हणतो. आपण वापरतो तेव्हा काय?

सुरक्षिततेची सबब नेहमीच खोटी असते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. खुल्या व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता ॲडम स्मिथ याने १७७६ सालीच देशाच्या संरक्षणाला संपत्तीहून वरचे स्थान दिले होते. परावलंबन म्हणजे काय, हे १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या या देशाला चांगले ठाऊक आहे. आपल्या पिंपरीचेच उदाहरण घ्या. १९५४ साली तेथे सरकारी प्रतिजैविकांच्या कारखान्याची स्थापना झाली, पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले आणि तो राष्ट्राच्या अभिमानाचा विषय झाला. पुढे स्वस्त चिनी मालापुढे पेनिसिलिन-जी या मूळ द्रव्याचे देशातील उत्पादन बंद पडले, आणि आपण औषधांचे जगाला पुरवठादार असूनही त्यांच्या कच्च्या मालासाठी चीनचे मिंधे झालो. २०२० साली ६,९४० कोटी रुपयांची उत्तेजन योजना आखावी लागली, तेव्हा कोठे २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकिनाडाजवळ त्याचा कारखाना पुन्हा उभा राहिला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृत्तिकाधातूंच्या चुंबकांची निर्यात परवान्याखाली आणली, तेव्हा आपल्या मोटार कारखान्यांची जी धावपळ उडाली ती सर्वांनी पाहिली. धोका खरा आहे. म्हणूनच त्याचे नाव स्वस्त होऊ देता कामा नये.

आणि ते स्वस्त होण्याची चिन्हे आपल्याकडेही दिसली आहेत. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप व तत्सम संगणकांची आयात एकाएकी परवान्याखाली आणण्यात आली. कारणांत सुरक्षिततेचा उल्लेख झाला. दुसऱ्याच दिवशी तो हुकूम तीन महिन्यांसाठी लांबणीवर पडला, आणि नोव्हेंबरपासून नोंदणीवजा सौम्य व्यवस्था आली. सुरक्षिततेचा धोका जर आजचा होता, तर तो तीन महिने कसा थांबला? आणि हेतू देशी कारखानदारीला उत्तेजन देण्याचा असेल, तर तो हेतू वाईट नाही. तसे स्वच्छ शब्दांत सांगावे. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचे कारण नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, राष्ट्रीय सुरक्षिततेच्या नावाने जेव्हा जेव्हा जकात, कोटा अथवा परवाना येईल, तेव्हा सरकारने चार प्रश्नांची उत्तरे संसदेपुढे ठेवावीत. धोका नेमका कोणता आणि कोणाकडून? त्यावर परदेशी माल अडविणे हाच सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे काय. की साठा करणे, पुरवठ्याचे मार्ग अनेक ठेवणे, किंवा अर्थसंकल्पातून उघडपणे उत्तेजन देणे अधिक हिताचे? त्याचा बोजा कोणावर किती पडणार? आणि तो निर्बंध कोणत्या तारखेला आपोआप संपणार? अमेरिकेने १९७३ चा तडाखा खाल्ल्यावर १९७५ साली तेलाचा राष्ट्रीय साठा उभारण्याचा कायदा केला. जे आधी करावयाचे ते शेवटी सुचले. आपणही विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर येथील भूमिगत गुहांत ५३.३ लाख टन तेल साठविण्याची सोय केली आहे. भिंतीपेक्षा कोठार बरे, हा या दोन्ही उदाहरणांचा अर्थ.

ज्या धंद्याला खरोखर राष्ट्राच्या जीविताशी संबंध आहे, त्याला या प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही. भीती वाटेल ती फक्त त्यांना, ज्यांना राष्ट्राच्या ढालीआड आपली तिजोरी ठेवावयाची आहे. सैनिकाच्या नावाने उभारलेला पैसा सैनिकाच्याच कामी आला की नाही, हे पाहण्याचा अधिकार नागरिकाला आहे. त्याच न्यायाने, सुरक्षिततेच्या नावाने त्याच्याकडून अधिक किंमत वसूल केली जात असेल, तर सुरक्षितता वाढली की नाही, हा हिशेब मागण्याचाही अधिकार त्याला आहे. तो हिशेब मागणे हे देशद्रोहाचे लक्षण नव्हे. जागरूक देशभक्तीचे ते पहिले कर्तव्य आहे.